दाविदाचें घराणें आणि देवाचें वचन

राजाच्या गादीला देवाच्या वचनाचा टेकू मिळाला, कीं राजाला वाटेल तें करण्याची मुभा मिळते, असें कित्येक विद्वान् मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात, आणि दाखल्यासाठीं प्राचीन इस्राएल लोकांच्या दावीद राजाकडे बोट दाखवितात. दाविदाशीं देवानें केलेला करार म्हणजे दरबारी पुरोहितांनीं रचलेलें स्तुतिस्तोत्र, एवढेंच त्यांचें म्हणणें. हें मत आम्हांस मान्य नाहीं; ज्या ग्रंथांच्या बळावर तें मांडलें जातें, तेच ग्रंथ त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

मूळ प्रसंग शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत आहे. दावीद देवासाठीं मंदिर बांधूं इच्छितो; पण नाथान संदेष्टा त्याला कळवितो, कीं देवच दाविदाचें घर उभारणार आहे. इब्री भाषेंतील 'बैथ' शब्दाला आपल्या 'घर' शब्दाप्रमाणेंच वास्तु आणि कुळ असे दोन अर्थ असल्यामुळें या निरोपाला गोडी आली आहे. परंतु गादी अढळ राहील असें सांगणाऱ्या त्याच वचनांत, राजपुत्रानें अपराध केल्यास त्याला शिक्षा होईल, अशीही ताकीद आहे. पुढें हाच नाथान, उरीयाचा घात करवून त्याची बायको घेतल्याबद्दल, दाविदाला समक्ष दोषी ठरवितो. स्तुतिपाठकांची रीत अशी असते काय?

राजांच्या पहिल्या पुस्तकांत मरणोन्मुख दावीद शलमोनाला हेंच वचन सांगतो, तेव्हां तें वंशजांच्या सदाचरणाच्या अटीवर सांगतो. दोन कथनांत विसंगति आहे, आणि अट मागाहून घातली असावी, असें टीकाकार म्हणतील. तसें असल्यास आमचाच पक्ष बळावतो. कारण दरबाराची मर्जी राखणारा मनुष्य अटी वगळतो, वाढवीत नाहीं.

उत्तरेकडील राज्याची कथाही हेंच सांगते. यराबामाला दाविदासारखें टिकाऊ घराणें देऊं केलें होतें, पण आज्ञापालनाच्या अटीवर. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींतच तें बुडालें. अहाबाच्या कुळाचा उच्छेद करणाऱ्या येहूला चार पिढ्यांचें राज्य मिळालें खरें, पण त्याच रक्तपाताबद्दल होशेय संदेष्ट्यानें त्याच्या घराण्याला दोष दिला. देवाच्या नांवानें मिळालेली गादी देवाच्याच नांवानें जाऊंही शकते, हा धडा याहून स्पष्ट कोणता असेल?

या वचनाचा घराण्याला राजकीय लाभ झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. उत्तरेस सुमारें दोनशें वर्षांत अनेक घराणीं आलीं आणि गेलीं. यहूदांत मात्र एकच कुळ त्याच्या सुमारें दुप्पट काळ टिकलें. १९९३ सालीं तेल दान येथें सांपडलेल्या आरामी शिलालेखांत, बहुतेक विद्वानांच्या वाचनाप्रमाणें, शत्रुराजानेंही 'दाविदाचें घर' हेंच नांव वापरलें आहे. पण वचनाची खरी कसोटी घराणें बुडाल्यावर लागली. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले, मग त्याचे डोळे काढले. त्याच्या आधींचा राजा यहोयाखीन याला बाबेलच्या सरकारी कोठारांतून शिधा मिळत असल्याची नोंद तेथील मृत्तिकालेखांत आढळते.

केवळ दरबारी स्तुति असती, तर ती दरबाराबरोबरच जळाली असती. उलट एकूणनव्वदावें स्तोत्र वचनाची महती गाऊन अखेरीस तें मोडल्याबद्दल देवालाच जाब विचारतें, आणि भक्तांनीं तें स्तोत्र आपल्या उपासनेंत जपून ठेवलें. यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायांत तर दाविदाला लाभलेली कृपा सबंध लोकांच्या करारांत आली आहे. राजा गेला, दरबार गेला, आणि वचन प्रजेच्या हातीं आलें. ज्या वचनानें राजाला धाक घातला आणि राजा नसतांना प्रजेला धीर दिला, त्याला राजाची खुशामत म्हणणारांनीं तें एकदां शेवटपर्यंत वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.