‘हॅड’चा हट्ट कुठे धरायचा?

शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला आपल्या सगळ्यांसमोर एक पेशंट मेलेला आहे. तोही डॉक्टर यायच्या आधीच. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ गाइड कुठलंही घ्या, पास्ट परफेक्टसाठी हा बिचारा मरतोच. गंमत म्हणजे या वाक्यात ‘हॅड’ नसला तरी फारसं बिघडत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे ‘बिफोर’ने सांगून टाकलंय. ‘आफ्टर’चंही तेच. पण ‘बिफोर’च्या जागी ‘व्हेन’ आणून बघा. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड.’ म्हणजे डॉक्टर आले आणि पेशंट गेला! संशय थेट डॉक्टरांवर. इथे मात्र ‘हॅड’ हवाच.

मला हे वर्गात नाही, इंटर्नशिपमध्ये कळलं. एका इंग्रजी कॉपीवरून मराठी बातमी करत होते. मूळ वाक्य होतं, ‘व्हेन द पोलीस अराइव्ह्ड, द क्राउड हॅड डिस्पर्स्ड.’ मी घाईघाईत लिहिलं, ‘पोलीस आल्यावर जमाव पांगला.’ डेस्कवरच्या सीनियरने एवढंच विचारलं, ‘पोलिसांनी पांगवला का?’ नव्हता पांगवला. ते पोचले तेव्हा तो पांगलेला होता. एक ‘होता’ खाल्ला आणि मी पोलिसांना फुकटचं श्रेय देऊन मोकळी झाले.

आता आपण हसतो कशाला, ते बघा. आमच्या कॉलेजात मॉक जीडी होता, विषय शहरात शिकायला येणारी मुलं. एक जण म्हणाला, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ दोघंतिघं गालात हसले. तो पुढे बोललाच नाही. आणि त्या टेबलावर गावाहून आलेला तो एकटाच होता! त्याची चूक होती, मान्य. आपण ‘सोमवारपासून’ही म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही; एका ‘पासून’मध्ये भागतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय ‘राहतोय’साठी तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. सुधारायलाच हवं. पण त्याला काय म्हणायचंय हे न कळलेला एक तरी माणूस त्या खोलीत होता का?

उलट माझं बघा. एका इंटरव्ह्यूमध्ये मी ऐटीत सांगितलं, ‘आय एडिटेड अवर कॉलेज मॅगझिन फॉर टू इयर्स.’ व्याकरण चोख, कुणी हसलं नाही. पुढचा प्रश्न आला, ‘मग सोडलंस का?’ मी सोडलं कुठे होतं? तेव्हाही तेच काम करत होते. ‘हॅव एडिटेड’ म्हणायला हवं होतं. ‘एडिटेड’ म्हटल्यावर समोरच्याच्या दृष्टीने ती दोन वर्षं संपली. म्हणजे ज्या चुकीने अर्थ बदलत नाही तिच्यावर हशा, आणि जिच्याने बदलतो ती गुपचूप पास. हे उलटं आहे यार.

मराठी दर वेळी गोत्यात आणते असंही नाही. ‘काल नाशिकला गेले होते’ आपण सहज म्हणतो. त्याचं ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ केलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’चं ‘अनटिल आय डोन्ट कम’ होतं, पण ‘अनटिल’च्या पोटातच तो नकार आहे, त्यामुळे ‘अनटिल आय कम’ पुरे. इथे मराठीने फसवलं. पण आई म्हणते, ‘जेवून झालं की फोन कर.’ जेवण व्हायचंय अजून, तरी ‘झालं’! इंग्रजीही तेच करते, ‘कॉल मी व्हेन यू हॅव ईटन.’ आपण मात्र भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ हे पाठ केलेलं, म्हणून ‘व्हेन यू विल ईट’ लिहून येतो. त्यापेक्षा आईचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून पेपर काढणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. बारा काळांचा तक्ता आणि गाळलेल्या जागा खूप झाल्या. एकदा नुसती दोन वाक्यं द्या, ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ आणि ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. मग विचारा, यातल्या कुठल्या वाक्यात मला निदान गाडीचा शेवटचा डबा तरी दिसला?