भ्रूणहत्येची आरोळी व पक्षाची शिस्त

'भ्रूणहत्या महापाप' हे शब्द आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात भिंतीभिंतींवर रंगलेले आहेत. त्यामागची तळमळ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २००१ सालच्या शिरगणतीत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली अवघ्या ८३९ होत्या. २०११ साली ८६३ झाल्या. हजेरीपट भरणाऱ्या मास्तरास हे कळावयास शिरगणतीही लागत नाही. गर्भ मुलीचा आहे असे यंत्रात पाहून तो नकोसा करणे हा गुन्हाच आहे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच, म्हणजे दिल्लीच्या सहा वर्षे आधी, कायदा केला.

परंतु तो कायदा चाचणीविरुद्ध आहे, गर्भपाताविरुद्ध नव्हे. गर्भपाताचा कायदा शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे होते, व काही ठरीव प्रकारच्या स्त्रियांस दोघांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. अविवाहितेसही तीतून वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. असे असता या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून भिंतीवर 'पाप' म्हणून टांगल्या, तर चौथ्या खेपेस दिवस गेलेली ऊसतोडणीची बाई सरकारी दवाखान्याची पायरी कोणत्या तोंडाने चढेल? ती वैदूकडे जाईल, आणि तिचे काय होईल हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको.

आमच्या तालुक्यातील एका पक्षाच्या बैठकीत एका कार्यकर्तीने नेमके हेच विचारले. "ताई, बसा; पक्षात दुफळी दिसेल असे बोलू नका," हे तिला मिळालेले उत्तर! बैठकीस पुरुष किती व बायका किती होत्या, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुफळीचा एवढा धाक बाळगणारे हे पुढारी व्याख्यानात मात्र जोतीरावांचे नाव घेतल्यावाचून राहात नाहीत. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अडलेल्या विधवेस पापपुण्याचा हिशेब न विचारता बाळंत होता यावे म्हणून. पुढे १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती मागाहून कमी झाली), आणि वर्तमानपत्रे सबंध स्त्रीजातीवर तुटून पडली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्या दोषाचे माप पुरुषांच्या पदरात घातले. त्यावर नाके मुरडणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. तेव्हा जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये स्वकीयांचीच कानउघाडणी करून ताराबाईंची बाजू घेतली. समाज तर त्यांनीच स्थापिलेला. तो फुटेल ही भीती त्यांस नसेल काय? आमच्या तालुक्याचे अध्यक्ष त्यांच्याहून मोठे संघटक आहेत असे दिसते.

फलक लावायचेच असतील तर 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे' असे स्पष्ट लिहावे, आणि त्याच फलकावर कायदेशीर गर्भपात कोणत्या सरकारी दवाखान्यात होतो तेही छापावे. मजकूर ठरविणाऱ्या कमिटीत निम्म्या बायका असाव्यात. त्यांचे मत जुळले नाही, तर ते विरोधी मत त्यांच्या सहीनिशी इतिवृत्तात नोंदवून जिल्हा कचेरीस पाठवावे.