डोंगर उशाशी, पण वाट कुठे आहे?

महाविद्यालयात हिवाळा येतो तो स्नेहसंमेलनाच्या सूचनाफलकावरून. नाटकाच्या तालमी, क्रीडास्पर्धा आणि एखादी सहल झाली की हिवाळा संपला, असे आपण समजतो. चालण्याचा ऋतू म्हणून त्याच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. ती लावून घ्यावी, आणि त्यासाठी दूर न जाता कळव्याच्या उशाशी असलेल्या पारसिकच्या डोंगरापासूनच सुरुवात करावी, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

ज्या देशांत महिनोन्‌महिने बर्फ साचते, तिथल्या लोकांकडून याबाबतीत घेण्यासारखे आहे. भुसभुशीत बर्फात साध्या बुटाने चालता येत नाही, पाय रुततो. उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी यावर फार पूर्वी तोड काढली. वाकवलेल्या लाकडाची रुंद चौकट करून त्यांनी तीत कातड्याच्या वाद्या जाळीसारख्या विणल्या आणि ती पायाला बांधली. अंगाचे वजन मोठ्या जागेवर पसरल्यामुळे पाय फारसा रुतत नाही. यांना आपण हिमपादुका म्हणू. एके काळी शिकारीचे असलेले हे साधन आज विरंगुळ्याचे झाले आहे. कॅनडात आणि अमेरिकेत गावाशेजारच्या कितीतरी उद्यानांत हिवाळी पायवाटा आखलेल्या असतात, खुणांचे फलक असतात, पादुका भाड्याने मिळतात. थंडी कडक आहे म्हणून ते लोक घरात बसत नाहीत.

आणि आपण? आपल्याला ना हिमपादुका लागतात ना लोकरीचे जाड कपडे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा फार तर पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो, आभाळ निरभ्र असते, पावसाळ्यातले निसरडे आणि जळवांची भीती संपलेली असते. कारवीच्या काड्या वाळून खडखडतात, कांडोळाची पांढरी खोडे पाने गाळून भुतासारखी उभी राहतात, आणि थंडी सरता सरता काटेसावर लाल फुलांनी भरते. निसर्गाने वर्षातले दहा-बारा आठवडे आपल्याला खास चालण्यासाठी दिले आहेत. ते आपण फलाटावर उभे राहून घालवतो.

पारसिकशी आपले नाते तरी काय? १९१६ साली खुला झालेला सुमारे एक किलोमीटर तीनशे मीटर लांबीचा बोगदा. पिढ्यानपिढ्या चाकरमान्यांनी या डोंगराला ओळखले ते गाडीतल्या त्या अंधारामुळे. भूगोलाच्या तासाला आम्ही समोच्च रेषा काढतो, दख्खनचा पठारी प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला असे पाठ करून परीक्षेत लिहितो. पण त्याच लाव्हाचा काळा दगड वर्गाच्या खिडकीतून दिसतो, याची आठवण कोणाला होते?

हा डोंगर आपल्या बोलण्यात येतो तो फक्त जुलै महिन्यात. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाई नगरात दरड कोसळली आणि एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला. आठ दिवस सगळीकडे तीच चर्चा होती. पुढे पाऊस ओसरला तशी चर्चाही ओसरली. उतारावर राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. जिथे निवारा परवडतो तिथे माणूस राहतो. पण जुलैमध्ये हळहळणारे आपण डिसेंबरमध्ये त्या उतारावर पाऊल टाकले असते, तर कुठे झाडे गेली, कुठे नाल्यात राडारोडा भरला, कुठे उतार कापला गेला, हे निदान डोळ्यांना दिसले असते. दिसले म्हणजे बोलता येते, अर्ज करता येतो, पावसाळ्याआधी सहा महिने हाती असतात. डोंगराच्या पलीकडच्या, नवी मुंबईकडच्या अंगाला वर्षानुवर्षे दगडखाणींनी लचके तोडले. ज्या डोंगरावर कोणी चालत नाही, त्याचा कैवार घेणाराही कोणी नसतो.

याच रांगेवर मुंब्रादेवीच्या पायऱ्या आहेत. त्या वाटेने माणसे जातात, म्हणून ती वाट जिवंत आहे. एक वाट श्रद्धेने राखली, दुसरी अभ्यासाने राखता येणार नाही काय?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला वेळेचा. सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी करणारे माझे कितीतरी वर्गबंधू आहेत. पण मी रोजचे मागत नाही, रविवारचे दोन तास मागते. दुसरा आक्षेप मुलींच्या वाट्याला येतो. गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत गेलेले घरी चालते; डोंगराचे नाव काढले की "मुलींना तिथे काय काम?" असा प्रश्न येतो. यावर उपाय घरी बसणे हा नाही. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, पंधरा-वीस जणांचा गट आणि सोबत एखादे प्राध्यापक किंवा प्राध्यापिका, एवढे असले की घरचा विरोध निम्मा मावळतो. तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे : माणसे गेली की कचरा जातो, गोंगाट जातो. खाडीपलीकडे येऊरला हे घडलेले आपण पाहतो. बिबट्यांचे घर असलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या त्या दारात लोक शांतता शोधायला जातात आणि मेजवान्यांचा धुडगूस घालून परततात. म्हणूनच पारसिकवर मला उद्यान नको, फरसबंदी नको, दिवे नकोत, खाद्यपदार्थांच्या गाड्या तर नकोतच. दगडांवर चुन्याचे बाण असलेली एक साधी पायवाट पुरे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिची शिबिरे आपण लांबच्या खेड्यांत घेतो, आणि ती घ्यावीतच. पण येत्या हिवाळ्यात त्यातले दोन दिवस वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन पारसिकला द्यावेत. भूगोल विभागाने नकाशा करावा, इतिहास विभागाने बोगद्याची आणि जुन्या वस्त्यांची माहिती जमवावी, मराठी विभागाने स्थानिक वृद्धांकडून झाडांची आणि जागांची नावे लिहून घ्यावीत. ती नावे सांगणारी पिढी आता थकली आहे. वाट झाली की दर हिवाळ्यात एका वर्गाने ती तपासावी आणि जे दिसेल ते लिहून संबंधितांकडे पाठवावे.

प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की पुढील वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत या कामासाठी दोन रविवार आताच राखून ठेवावेत. नावे नोंदवायला आम्ही काहीजणी तयार आहोत.