पहिला ट्युबा आपल्या कानानं घे

लग्नसराईत पौडच्या रस्त्यानं जाऊन बघा. लॉनच्या फाटकापर्यंत बँड. आत नवरदेव, पंगत, फोटो. बँडवाले बाहेरच, घामेजलेले, वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले. ही माणसं कुठल्या वस्तीतली, हे मुळशीत कुणी कुणाला विचारत नाही. ठाऊकच असतं.

त्याच वस्तीतलं एक पोरगं पुण्यात संगीत शिकतंय. त्याला ट्युबा घ्यायचाय. आमचा एक कार्यकर्ता भडकला. 'बापजाद्यांनी हलगी बडवली ती कमी पडली काय? बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला लावली, आन् तू परत वाजवायलाच निघालास?'

सवाल रास्त आहे. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी ठिकठिकाणी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावासाठी वाजवणंही सोडलं. त्यापायी बहिष्कार सोसले. पण दोस्ता, त्यांनी लाथाडली ती सक्ती. हलगीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आणि ट्युबा तर कुठल्याच जातीचं बलुतं नाही. १८३५ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट निघालं, लष्करी बँडसाठी. तो जन्मानं गळ्यात पडत नाही, निवडावा लागतो. आणि आपल्याला निवडू देत नाहीत, दुखणं हेच आहे. मालक पोचे पडलेला सुसाफोन गळ्यात घालणार, वर पगारातून कापणार. दानशूर मंडळी अडगळीतलं काढून देणार आणि हार घालून घेणार. फुकटचं म्हणून घेऊ नकोस.

पोरा, नीट बघून घे. बी फ्लॅट ट्युबाची नळी अठरा फूट लांब, त्यात फुंकायचंय तुला. अंगानं लहान असशील तर पाऊण मापाचा घे. तीन पिस्टनवर शिकता येतं. चौथा असला तर खालचे सूर नीट लागतात. चकाकीला भुलू नकोस. पिस्टन दाबून सोड, अडकला तर ठेवून दे. पिस्टन न दाबता स्लाइड ओढ. 'पॉक' आवाज आला नाही तर हवा गळतेय. पितळेवर तांबूस ठिपके असतील तर धातू आतून सडतोय. पोचा चालेल, सड चालणार नाही. माउथपीस मात्र चांगला घे. आणि वाजवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सोबत जाणता बँडमास्तर ने. त्याच्याकडं डिग्री नसेल, कान आहे.

मागं उभा राहून ट्युबा अख्ख्या बँडला पाय देतो. तो डळमळला की सगळे डळमळतात. स्टाफ नोटेशन शिक. उद्या सभागृहात वाजव नाहीतर वरातीत, पण सुपारीचा आकडा तू सांग. आणि पावती तुझ्या नावावर कर.

भडकलेल्या कार्यकर्त्याला एवढंच सांगणं, वर्गणीचा डबा तुझ्या हातात दे. तूच फिरव.