ताटातुटीचा हिशेब

परदेशी राबणारी आई आणि मायदेशी वाढलेली मुलगी यांची अनेक वर्षांनी विमानतळावर गळाभेट झाली, की पाहणाऱ्यांच्या लेखी कहाणी सुफळ संपूर्ण होते. वस्तुतः खरी कसोटी तेथूनच सुरू होते. आईच्या मनातली मुलगी सहा वर्षांची असते. समोर उभी राहते ती चौदा वर्षांची. दरमहा पैसे आले, पत्रे आली, दूरध्वनीही आले. पण सहवास आला नाही. तो मागाहून थकबाकीसारखा फेडता येत नाही.

फिलिपाईन्स हे याचे ठळक उदाहरण होय. 1974 च्या श्रमसंहितेने तेथे परदेशी नोकरीस सरकारी धोरणाचे स्थान मिळाले. 2024 मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी मायदेशी पाठविलेली रक्कम 38 अब्ज डॉलरांहून अधिक होती. मुलीची फी, आजीचे औषध आणि घराचे छप्पर याच पैशातून होते. म्हणून आईने जाऊच नये, हा उपदेश भरल्या पोटाचा आहे. यातील विसंगती अशी, की अनेकींना परदेशी मिळणारे काम दुसऱ्याचे मूल सांभाळण्याचे असते. त्यांचे स्वतःचे मूल आजी वा मावशीच्या पदरी राहते.

ही ताटातूट केवळ दारिद्र्यामुळे लांबते, हा समज मात्र खरा नाही. कॅनडात 1992 ते 2014 या काळात देखभाल करणाऱ्या स्त्रियांना मालकाच्या घरी राहून 24 महिने काम पुरे केल्यावरच कायम वास्तव्याचा अर्ज करता येई. मुलांचे येणे त्यानंतरचे; आणि अर्जाच्या निकालास आणखी वर्षे लागत. 2019 च्या नव्या योजनेत पती व मुलांना सोबत नेण्याची सोय झाली. म्हणजे आधीचा विरह अटळ नव्हता. तो नियमाने लादलेला होता. हाँगकाँगमध्ये घरकामगार स्त्रीस आजही कुटुंब सोबत आणता येत नाही. तिची तेथील वर्षे कायम वास्तव्याच्या हक्कासाठी धरली जाणार नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला.

मुले आली की शाळा व रुग्णालयांवर भार पडतो, असा यजमान देशांचा युक्तिवाद असतो. परंतु मुलाला मायदेशी ठेवल्याने खर्च टळत नाही. तो आजीच्या आणि मुलीच्या खात्यावर चढतो, एवढेच. ज्या देशाला आईचे श्रम हवे आहेत, त्याने तिचे आईपणही मान्य केले पाहिजे. परदेशातून येणाऱ्या पैशात जगात पहिला असलेल्या भारतानेही परराष्ट्रांशी श्रमकरार करताना वेतनाइतकाच कुटुंबाच्या सहवासाचा आग्रह धरावयास हवा.

उशिरा झालेली भेट गोड असते, यात शंका नाही. परंतु ज्या नियमाने ती उशिरा झाली, त्याला त्या गोडीचे श्रेय देता येणार नाही.