गजकर्ण हट्टी का झाले?

गजकर्ण म्हणजे पूर्वी किरकोळ आजार. काही आठवडे मलम लावले की विषय संपायचा. आता सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत वर्ष-वर्ष खाजवणारे रुग्ण येतात, आणि बहुतेकांच्या पिशवीत मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूब असते.

यातल्या अनेकांच्या त्वचेवर ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी असते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिचे हे बारसे केले. नावातला ‘इंडो’ आपलाच. मे २०२३ मध्ये अमेरिकेने न्यूयॉर्कमधले आपले पहिले दोन रुग्ण जाहीर केले. त्यांतली एक महिला त्याआधी परदेशी गेलेलीही नव्हती.

बुरशीला आपले आवरण शाबूत ठेवायला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो बनवणाऱ्या साखळीतले एक एन्झाइम म्हणजे स्क्वालीन इपॉक्सिडेज. टर्बिनाफिन हे आपले नेहमीचे औषध नेमके तिथेच अडकून काम बंद पाडते. इंडोटिनीच्या अनेक वाणांत या एन्झाइममधले एखादे अमिनो आम्ल बदललेले आढळते. तेवढ्यानेही औषध नीट बसत नाही. एन्झाइमचे काम मात्र चालूच राहते.

औषध हरले तरी शरीराचे पहारेकरी असतात. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान ही शर्करा असते. माणसाच्या पेशी ती बनवत नाहीत, म्हणूनच ती परक्याची खूण ठरते. ही खूण ओळखणारा पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राहक ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवून दिला. ओळख पटली की पेशी रासायनिक हाका देतात, कुमक येते, त्वचा लाल होते, खाज सुटते. म्हणजे रुग्णाला नको असलेली लाली आणि खाज हा बऱ्याच अंशी लढाईचाच आवाज असतो!

आणि ती ट्यूब नेमका तोच बंद करते. तिच्यात बुरशीविरोधी औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड असते, वर एखादे प्रतिजैविकही. (गजकर्णात प्रतिजैविकाचे काय काम, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.) स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, रुग्ण खूश होतो आणि ट्यूब शेजाऱ्यालाही सुचवतो. पहारेकरी गप्प, औषध निष्प्रभ. बुरशी आरामात पसरते. चट्ट्याची गोल कडा पुसट झाल्याने डॉक्टरही फसतात.

२०१८ मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्युल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. दुकानात काय चालते, ते वाचकांनी पाहिलेलेच आहे. चिठ्ठी मागण्याची सक्ती खरोखर झाली, तर नव्या औषधापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

तोवर घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसले, तर ती गजकर्णावर लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर डॉक्टरांना दाखवूनच थांबवा, कारण सोडल्यावर काही दिवस खाज उसळते. इट्राकोनॅझोल साखळीतले दुसरे एन्झाइम अडवते, म्हणून ते अनेकदा लागू पडते. पण पुरेसे आठवडे घ्यावे लागते. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सगळ्यांचे उपचार एकदमच सुरू करावेत.