सेविकेला शिकायला सवड द्या



अंगणवाडी वर्तमानपत्रांत येते ती दोनच वेळा. आहारात अळ्या सापडल्या की, नाही तर सेविका संपावर गेल्या की. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा चर्चा रंगली ती मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची. ती रास्तच होती. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारी ही बाई स्वतः कधी, कुठे आणि कोणाकडून शिकते, हे त्या गदारोळात कोणी विचारले नाही. बालशिक्षणाचे घोडे अडते ते नेमके इथे, असे प्रस्तुत पत्रलेखिकेचे मत आहे.

बालवाडीत शिकवायला असे काय लागते? चार बडबडगीते यावीत, आवाज खणखणीत असावा आणि शेंबूड पुसायची किळस नसावी, एवढ्यावर भागते असा चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही समज आहे. तो खोटा ठरवायला एक सकाळ पुरते. दहाच्या सुमारास एखाद्या अंगणवाडीत सतरंजीच्या कडेला बसून पाहावे. चार वर्षांची एक मुलगी पुढ्यात चिंचोके घेऊन बसलेली असते. विचारले की ती वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणून दाखवते. तेरानंतर एकदम सतरा येतात, पण ठसक्यात येतात. ‘यातले पाच दे बरं मला’ म्हटले की मात्र ती ओंजळभर चिंचोके पुढे करते. आकडे म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे ज्या सेविकेला ठाऊक असते ती पाटीकडे वळतही नाही. ती पाच वाट्या ओळीने मांडते आणि प्रत्येक वाटीत एकेक चिंचोका टाकायला सांगते. तोंडातला आकडा आणि बोटातला चिंचोका यांची गाठ पडेपर्यंत तिला घाई नसते. जिला हे कोणी सांगितलेलेच नाही, ती पाटीवर 1 ते 20 गिरवून घेते. दोघीही तितक्याच कष्टाळू असतात, दोघींचे मानधनही सारखेच. भेटीला आलेल्या साहेबांना आणि दारात उभ्या असलेल्या आईला बहुधा दुसरीच जास्त आवडते.

पहिलीची ही नजर पुस्तकातून थोडी येते आणि मुलांमध्ये बसून, पाहिलेले कोणाशी तरी बोलून बरीचशी येते. याचा दाखला शोधायला दूर जायला नको. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडकांना माँटेसरी पद्धत चांगली ठाऊक होती. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. बालवाडी तर उघडली, पण गोरगरिबांच्या वस्तीतली मुले येईनात. आई-बाप मजुरीला गेलेले आणि कडेवर धाकटे भावंड, मग येणार कशी? तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. परदेशी नमुन्याची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर काम सुरू झाले. पुढे 1957 मध्ये हे सगळे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणणारी विकासवाडी तिथे उभी राहिली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे जिकडे तिकडे शाळा. यातले बरेचसे आधी कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. काल काय फसले यावर आज बोलायचे आणि उद्या दुसरे काही करून पाहायचे, अशी ती कामाची रीत होती. त्यासाठी लागणारा वेळ त्यांच्या हाती होता.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. अंगणवाडी हे नाव देशभर गेले, ती रीत मात्र मागेच राहिली. योजनेत सहा सेवा: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. कुपोषणाने मुले दगावत असताना वजनकाट्याला पहिला मान मिळणार, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण मग सेविकेच्या गळ्यात एकामागून एक कामे पडत गेली. घरपोच आहाराचे वाटप, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, सर्वेक्षणे, कधी निवडणुकीची कामे. 2021 मध्ये त्यात पोषण ट्रॅकर अ‍ॅपची भर पडली. महाराष्ट्रात त्याच वर्षी हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते काही यंत्राच्या भीतीने नव्हे. फोन जुनाट, अ‍ॅप इंग्रजी आणि माहिती भरली नाही तर मानधनाला कात्री, असा तो त्रागा होता. आता घरपोच आहार घ्यायला आलेल्या बाईचा चेहराही मोबाइलवर पटवून घ्यावा लागतो. रेंज येईपर्यंत सेविका दारात हात उंच करून उभी असते आणि आत वाट्या-चिंचोक्यांचा पसारा मदतनीस सांभाळते. तेवढ्यात खिचडी खाली लागते ते वेगळेच.

सरकारला हे कळत नाही, असेही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी व त्यापुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली आहे. महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. मे 2023 मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम आला. रोज किमान दोन तास चांगले पूर्वशालेय शिक्षण, हे त्याचे उद्दिष्ट. सेविकांच्या वाट्याला प्रशिक्षण आले ते मात्र तीन दिवसांचे! तीन दिवसांत खेळणी कशी बनवायची ते कळते. मूल काय करते आहे ते ओळखता येत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: अंगणवाडीच्या नादी लागता कशाला, गावोगाव इंग्रजी केजी निघाल्या आहेत, तिथे घाला. पालक तसे करत आहेतच, पोटाला चिमटा काढून करत आहेत. पण शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच घटनेचे 45 वे कलम म्हणते. म्हणून ज्युनिअर केजीतल्या बाईंना बालशिक्षणाचे काही प्रशिक्षण आहे का, हे आजवर सहसा कोणी विचारत आलेले नाही. गणवेश, टाय आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला चार ओळींचा गृहपाठ, एवढ्या भांडवलावर पुष्कळ ठिकाणी दुकान चालते. ज्या बोटांना अजून सदऱ्याचे बटण लागत नाही, त्यांच्याकडून कर्सिव्ह अक्षरे काढून घेण्याला शिक्षण म्हणायचे असेल, तर अंगणवाडीतला मोकळा गोंधळ शतपटीने बरा.

सेविका ही ‘मानसेवी’ कार्यकर्ती, शिक्षिका नव्हे, असेही ऐकवले जाते. पण 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे काम या बायाच करतात, याची न्यायालयाने निकालात दखल घेतली. शिकवणे ज्या कामात आहे, त्या कामात शिकणे कामाच्या वेळेतच धरले पाहिजे. प्राथमिक शिक्षकांची केंद्र परिषद भरते, ती कामाच्या दिवशी भरते. मग सेविकांच्या महिन्याच्या सभेत फक्त अहवाल आणि आकडे का?

म्हणून महिला व बालविकास विभागाकडे मागणी साधी आहे. रोजचे दोन तास शिकवण्याचे ठरवा आणि त्या वेळात मोबाइल, नोंदवही, वाटप, सर्वेक्षण यांपैकी काहीही मागू नका. धोरणात लिहिलेला सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा अभ्यासक्रम मराठीतून, पूर्ण मानधनासह, प्रत्येक सेविकेपर्यंत न्या. महिन्याच्या सभेतला अर्धा वेळ मुलांविषयी बोलायला राखून ठेवा. आणि ज्यांची मुले अंगणवाडीत जातात त्या वाचकांनी येत्या पालकसभेत ‘अक्षरे कधी शिकवणार?’ हे विचारण्याआधी, ‘ताई, तुमचे प्रशिक्षण कधी आहे?’ एवढे जरूर विचारावे.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका